मिठाला हात लावायचा नाही

नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण सगळ्यांना ठाऊक असतो. मला त्याहून थक्क करते ती कार्ल्याच्या चैत्याची ओसरी. एकवीरेच्या दर्शनाची गर्दी तिच्या अगदी पुढ्यातून जाते. तिथल्या भिंतीवर, शिल्पांच्या अधल्यामधल्या जागेत, ब्राह्मी लिपीत प्राकृत ओळी कोरल्या आहेत. बहुतेक ओळी साध्या दानाच्या आहेत: हा खांब अमक्याने दिला, ते दार तमक्याने. पण दोन लेखांचा विषय आहे कर, आणि तो घेण्याचा अधिकार कुणाचा.

पहिला लेख म्हणजे राजाचा हुकूम. तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा मानला जातो, म्हणजे सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. ‘मामाल’ प्रदेशातल्या अमात्याला उद्देशून तो लिहिलेला आहे. मामाल म्हणजे आपलं मावळ! लेण्यांतल्या भिक्षूंच्या चरितार्थासाठी राजा करजक नावाचं गाव देतो आणि मग स्वतःच्याच माणसांना अडवणारे शब्द एकामागून एक येतात. अपावेस: राजाच्या माणसांनी गावात शिरायचं नाही. अनोमस: कशाला हात लावायचा नाही. अलोणखादक: तिथलं मीठ खणायचं नाही. अरठसंविनयिक: राज्याच्या अंमलदारांनी तिथे कारभार चालवायचा नाही. यातलं ‘लोण’ म्हणजे मीठ. आपल्या लोणच्यात ते अजून आहे. मीठ हा राजाच्या हक्काचा माल, म्हणूनच त्याचा हक्क सोडतानाही मिठाचं नाव घ्यावं लागलं. सगळ्या दगडात मला हाच शब्द सर्वांत जिवंत वाटतो.

गंमत अशी की हेच गाव त्याआधी शत्रूनेही याच लेण्यांना दिलं होतं. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा दानलेख त्याच ओसरीत आहे. सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला, त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपले शिक्के मारले, पण गावाचं दान नव्याने आपल्या नावावर चालू ठेवलं.

दुसरा लेख वाचताना तर मी थबकतोच. काळ वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचं 7वं वर्ष. सालाला नाव राजाचं, पण गाव देणारा आहे सोमदेव नावाचा महारठी, म्हणजे मुलखातला मातब्बर सरदार. वालुरक, म्हणजे याच कार्ल्याच्या, लेण्यांच्या संघाला तो गाव देतो ते ‘सकरुकर सदेयमेय’, म्हणजे तिथल्या सगळ्या करांसकट, जे द्यायचं आणि जे मापून घालायचं त्यासकट. (वीजबिलाला आपण आजही देयक म्हणतो.) राजाची परवानगी घेतल्याचा एक शब्द त्यात नाही. एका लेखात राजा आपला हात आखडता घेतो आणि दुसऱ्यात सरदार आपल्या हाताने देऊन टाकतो. गावच्या उत्पन्नावर शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न या एका भिंतीवर दोन बाजूंनी कोरलेला आहे.

तोच प्रश्न घेऊन आता एकदम सतराशे वर्षं पुढे आणि सातासमुद्रापार जाऊ. 1830 साली इकडे कार्ल्याजवळच्या बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. दोनच वर्षांनी, 24 नोव्हेंबर 1832 रोजी, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाने जाहीर केलं की केंद्राने 1828 आणि 1832 मध्ये बसवलेली आयात जकात आमच्या राज्यात रद्दबातल आहे. उत्तरेतल्या कारखान्यांना परदेशी मालापासून संरक्षण हवं होतं. कापूस विकून बाहेरचा माल घेणाऱ्या दक्षिणेला तोच माल महाग पडत होता. राज्याची बाजू मांडणारा जॉन कॅल्हून तेव्हा देशाचा उपराष्ट्राध्यक्ष होता! राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने बळाची तयारी केली आणि मार्च 1833 मध्ये जकात हळूहळू उतरवण्याची तडजोड झाली. केंद्राचा हात आपल्या गुलामगिरीपर्यंत पोचेल ही दक्षिणेची भीती मात्र आत धुमसत राहिली. 1861 मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, अमेरिकन कापूस अडकला, मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले. ऐन त्या तेजीत, 1863 मध्ये, त्याच बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि दख्खनचा कापूस तिच्यातून बंदराकडे उतरू लागला.

करावर शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न आपल्याकडे आज मतांच्या गणितात मांडलेला आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. त्याच्या परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला हवेत तीन चतुर्थांश. म्हणजे एकटं केंद्र काही करू शकत नाही आणि सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राला वगळून पुढे जाऊ शकत नाहीत. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की परिषदेच्या शिफारशी संसदेवर किंवा विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत.

कार्ल्याचं लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपार कलल्यावर जावं. पायऱ्यांवरून खाली द्रुतगती महामार्गावर घाटाकडे निघालेले मालट्रक दिसतात. मग ओसरीत शिरून भिंतीवर ‘लोण’ शोधावं.