मंगळवारी किती वाजता येता?

शिकागोतल्या मराठी माणसाला शहराचे तीन भाग पक्के ठाऊक असतात. डाऊनटाऊन, कारण भारतातून पाहुणे आले की त्यांना सिअर्स टॉवर दाखवायचा असतो (आता विलिस टॉवर म्हणायचं, पण म्हणतो कोण!). डिव्हॉन ॲव्हेन्यू, कारण कढीपत्ता आणि बाकरवडी. आणि ओहेअर विमानतळ. बाकीचं शहर आपण हायवेवरून बघतो. आम्ही, म्हणजे सौ. आणि अस्मादिक, त्यातलेच. मास्टर्स केलं ते आयआयटीत (पवईच्या नव्हे, इथल्या, इलिनॉयच्या). म्हणजे दोन वर्षं शहराच्या साऊथ साइडलाच काढली. पण सीनिअर मंडळींनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, अमुक रस्त्यापलीकडे जायचं नाही, हे ब्रह्मवाक्य इमानेइतबारे पाळलं. पुढे नोकरी लागली, नेपरव्हिलला घर झालं. आयझेनहॉवर एक्स्प्रेसवेवरून जाताना गाडीची दारं लॉक आहेत ना हे बघायची सवय मात्र गेली नाही.

त्याच हायवेच्या दक्षिणेला नॉर्थ लॉनडेल नावाची वस्ती आहे. ऑफिसातले आमचे एक ज्येष्ठ सहकारी तिथे वाढले. त्यांच्या लहानशा चर्चमध्ये शाळकरी मुलांचा शिकवणीवर्ग चालतो. "एकदा येऊन तर बघा," असं ते दोन वर्षं म्हणत होते आणि आम्ही दोन वर्षं "नक्की, नक्की" म्हणत होतो. शेवटी गेलो. जाण्याआधी त्या भागाविषयी थोडं वाचलं आणि वाचून जरा ओशाळलो. वीस वर्षं इथे राहून यातलं काहीच कसं माहीत नव्हतं?

एके काळी ही गजबजलेली कामगार वस्ती होती. सिअर्स कंपनीचं मुख्यालय इथेच होतं, टॉवर नंतरचा. शेजारच्या सिसरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. मॅनेजमेंटच्या वर्गात ज्यांनी 'हॉथॉर्न इफेक्ट' घोकला असेल त्यांनी नोंद घ्यावी, तो इफेक्ट इथला! १९६० साली नॉर्थ लॉनडेलची लोकवस्ती सव्वा लाखाच्या घरात होती. १९९० पर्यंत ती पन्नास हजारांच्याही खाली आली. मधल्या काळात सिअर्स डाऊनटाऊनला गेली, १९८३ साली हॉथॉर्न बंद पडला, आणि त्याआधी १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत वेस्ट साइडवरची दुकानं जळाली, ती बरीचशी पुन्हा उभी राहिलीच नाहीत. किंग स्वतः १९६६ च्या जानेवारीत इथल्याच हॅमलिन ॲव्हेन्यूवरच्या एका पडक्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. घरांची दुर्दशा जगाला दाखवायला.

घरांची गोष्ट आम्हा मॉर्गेजवाल्यांनी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत बँका कर्ज द्यायच्या नाहीत आणि सरकारी विमाही मिळायचा नाही. मग दलाल यायचा. १९६१ सालचं एक नोंदलेलं उदाहरण बघा. विकणाऱ्याने १२,००० डॉलरला घेतलेलं घर सहाच महिन्यांनी एका कृष्णवर्णीय गृहस्थांना २७,५०० डॉलरला विकलं. तेही करारावर. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घराचे कागद विकणाऱ्याकडे. एक हप्ता चुकला तर घरही गेलं आणि आजवर भरलेले पैसेही गेले. देशातल्या सावकारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आम्हाला हा हिशोब समजायला वेळ लागला नाही.

याविरुद्धची पहिली मोठी लढाई एका चर्चच्या तळघरात उभी राहिली. प्रेझेंटेशन नावाचं कॅथलिक चर्च, तिथले धर्मगुरू जॉन ईगन, आणि जॅक मॅकनमारा नावाचा पाद्री होण्याचं शिक्षण घेणारा तरुण. मॅकनमारा काही विद्यार्थ्यांना घेऊन लॉनडेलमध्येच भाड्याने राहिला आणि दारोदार जाऊन लोकांचे करार गोळा करू लागला. १९६८ साली 'कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग' स्थापन झाली आणि शेकडो कुटुंबांनी हप्ते देणंच थांबवलं. काहींचं सामान शेरीफच्या माणसांनी फुटपाथवर काढलं. कोर्टातले मोठे दावे हरले, पण बऱ्याच जणांना करार बदलून घेता आले.

दुसरी गोष्ट वेन गॉर्डन यांची. आयोवातला हा गोरा तरुण १९७५ साली कॉलेज संपवून लॉनडेलच्या फॅरागट हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायला आणि फुटबॉल शिकवायला आला, आणि राहिलाही तिथेच. लोक त्यांना 'कोच' म्हणतात. १९७८ साली मुलांच्या आग्रहावरून चर्च सुरू झालं, लॉनडेल कम्युनिटी चर्च. सगळ्यांनी बसून वस्तीच्या गरजांची यादी केली. आमच्यासारख्या इंजिनिअरने काय लिहिलं असतं? शाळा, रोजगार, कॉम्प्युटर सेंटर. यादीत पहिलं काय आलं, तर कपडे धुवायला सुरक्षित जागा! म्हणून चर्चमध्ये वॉशिंग मशीन आलं. १९८४ साली दवाखाना सुरू झाला, तो आज मोठं आरोग्य केंद्र आहे. १९९५ साली लू मालनाटीज या प्रसिद्ध पिझ्झावाल्यांना तिथे आणलं, नफा वस्तीच्या कामाला द्यायचा या बोलीवर. किंग जिथे राहिले त्या जागी २०११ साली ४५ घरांची इमारत उभी राहिली.

गॉर्डन ज्यांना गुरुस्थानी मानत ते जॉन पर्किन्स मिसिसिपीचे. शाळा तिसरीपर्यंत. १९७० साली तिथल्या तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली होती. ही मंडळी १९८९ साली शिकागोत जमली आणि अशा कामांची देशव्यापी संघटना निघाली. पर्किन्स यांच्या तीन सूत्रांपैकी पहिलंच आमच्या घशाखाली उतरेना: ज्यांच्यासाठी काम करायचं, त्यांच्या शेजारी राहायला जा.

आमचा जन्म मिरजेचा, मिशन हॉस्पिटलातला. १८९४ साली ते सुरू करणारे डॉक्टर वानलेस जवळजवळ चाळीस वर्षं तिकडेच राहिले. वानलेसवाडी नाव पडलं ते उगाच नाही. लहानपणी त्या नावाच्या बसमधून शंभर वेळा गेलो असू, पण माणूस कॅनडाहून येऊन का राहिला हा प्रश्न काही पडला नाही. तो लॉनडेलमध्ये पडला.

आता मंडळात हमखास विचारला जाणारा प्रश्न. "तिथे धर्मप्रसार करतात का हो?" करतात. लपवत नाहीत. भिंतीवर बायबलमधली वचनं आहेत, वर्गाआधी दोन मिनिटं प्रार्थना असते. आम्ही हात जोडून उभे राहतो, जसे कोणाकडे सत्यनारायणाला उभे राहू. आम्हाला अजून कोणी काही विचारलेलं नाही आणि सौ.च्या टिकलीवर एका चिमुरडीशिवाय कोणी बोललेलं नाही. तिला ती टिकली हवी होती. मिळाली.

तर आमची पहिली भेट. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मंडळातल्या सहा जणांनी मिळून ऑफिसांतले जुने बारा कॉम्प्युटर साफसूफ करून नेले. शनिवार होता. फोटोही काढले (ते मंडळाच्या वार्षिक अहवालात आहेत). वर्ग चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी खोक्यांकडे बघितलं, आभार मानले आणि म्हणाल्या, "तिथे कोपऱ्यात ठेवा. मंगळवारी किती वाजता येता?"

आम्ही म्हटलं, शनिवारी येऊ शकतो.

"शनिवारी सगळेच येतात. गृहपाठ मंगळवारी असतो."

मंगळवारी! नेपरव्हिलहून साडेपाचच्या ट्रॅफिकमध्ये तास तरी मोडतो. सहापैकी तिघं पहिल्याच आठवड्यात गळाले, चौथे गणेशोत्सवाच्या नाटकाच्या तालमीमुळे. उरलो आम्ही दोघं. आमच्या वाट्याला आठवीतला एक मुलगा आला. अबोल. गणिताचं नुसतं नाव काढलं की तो पेन्सिलीला टोक करायला उठे. टोक काढून काढून पेन्सिल बोटभर राहिली, तेव्हा कुठे अपूर्णांकांच्या बेरजा सुरू झाल्या.

जानेवारीतल्या एका मंगळवारी वर्ग चालू असताना पलीकडच्या रस्त्यावर गोळीबार झाला. मुलं आपसूक खिडकीपासून दूर सरकली, जणू शाळेची घंटा झाली. बाईंनी पडदा ओढला आणि विचारलं, "सातवं उदाहरण कोणाचं राहिलं?" आमचे हात मात्र थरथरत होते. घरी येताना गाडीत आम्ही एक अक्षर बोललो नाही. पुढचे दोन मंगळवार गेलो नाही. एकदा बर्फाचं कारण सांगितलं आणि एकदा सर्दीचं. बर्फ खरं होतं.

तिसऱ्या मंगळवारी गेलो, तर तो मुलगा दुसऱ्या टेबलावर एकटाच बसला होता. म्हणाला, "मला वाटलं, तुमचं संपलं." राग नव्हता, तक्रार नव्हती. नुसतं सांगितलं, कारण त्याच्या अनुभवात माणसं येतात, फोटो काढतात आणि त्यांचं संपतं.

हे सगळं ऐकून आमच्या कन्येने जेवताना विचारलं, "मग आपण तिकडेच का नाही राहत?" तिच्या शाळेचं रेटिंग, घराचं कर्ज, आजीआजोबांचं येणंजाणं, सगळी कारणं सांगितली. ती सगळी खरी आहेत. किंग, मॅकनमारा आणि कोच यांच्याकडेही खरी कारणं असतीलच. राहायला जाण्याचं धैर्य आमच्यात नाही, हे तिला सांगायला आम्हाला आमटी गार होईपर्यंत वेळ लागला.

कॉम्प्युटर अजून कोपऱ्यात आहेत. त्यातल्या दोन खोक्यांवर मुलं वह्या ठेवतात. उद्या मंगळवार. मुलाचं गणित आता अपूर्णांकांच्या भागाकारावर आलंय, आणि गेल्या खेपेला त्याने विचारलं की भागायचं असताना खालचा अपूर्णांक उलटा करून गुणायचं कशाला? एम. एस. होऊन इतकी वर्षं झाली, पण ते त्याला पटेल असं आम्हाला अजून सांगता आलेलं नाही. सौ. म्हणते, भाकरीचे तुकडे करून दाखवा. उद्या दोन भाकऱ्या डब्यात घेऊन चाललोय.