पन्नास अधिक पन्नास बरोबर पंचाहत्तर

खिडकीच्या काचेला निम्मा उजेड अडवणारी फिल्म लावली आणि तिच्यावर तशीच दुसरी चिकटवली, तरी खोलीत मिट्ट काळोख होत नाही. पहिली निम्मा उजेड सोडते, दुसरी त्यातला निम्मा अडवते, पाव उरतोच. संगणकाच्या पडद्यावर हाच हिशेब चालतो. ५० टक्के झाकणारे दोन थर मिळून ७५ टक्के झाकतात. १० टक्क्यांचे दहा थर चढवा, झाकले जाते जेमतेम ६५ टक्के.

पडद्यावरच्या ठिपक्याचा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत मांडतात, प्रत्येक ० ते २५५. तो रंग खालचे किती झाकतो, हे सांगणारा चौथा आकडा म्हणजे अल्फा. तो चित्रासोबतच साठवण्याची युक्ती १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी काढली. नाव पडले सूत्रातल्या ग्रीक अक्षरावरून.

सूत्र मात्र अगदी शाळकरी. वरच्या रंगाला अल्फाने गुणायचे, खालच्याला एक वजा अल्फाने, आणि बेरीज. निळ्यावर ४० टक्के लाल टाकला तर लाल येतो १०२, निळा १५३: जांभळा. तेच थर उलटे केले की लाल १५३, निळा १०२, आणि रंग किरमिजीकडे झुकतो. बेरीज असली तरी क्रम बदलून चालत नाही.

खरी गंमत कडांवर. चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कुणाच्या केसांभोवती पांढरट कड दिसते ना, ती या चौथ्या आकड्याची हेळसांड. केसाच्या कडेच्या ठिपक्यात थोडा केस असतो, थोडी जुन्या फोटोतली भिंत. कात्रीने कापल्यासारखे चित्र उचलले की भिंतही सोबत येते. अशा अर्धवट ठिपक्यांचे रीतसर गणित लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये मांडले. रंग आधीच अल्फाने गुणून साठवा, हा त्यांचा सल्ला आजही पाळला जातो.

एक खोड अजून गेलेली नाही. लाल आणि हिरवा निम्मे-निम्मे मिसळले की अनेक प्रोग्राम दोन्हींचे आकडे १२८ काढतात आणि मळकट शेवाळी रंग हाती येतो. कारण पडद्यावर १२८ म्हणजे निम्मा उजेड नव्हे, जेमतेम २२ टक्के. आकड्यांऐवजी उजेडाची सरासरी काढली, तर उत्तर येते १८८, आणि पिवळा उजळ दिसतो.