वनपिंगळ्याच्या नावातला कंस

गावाकडच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पखरण असते. त्याचा रानातला भाऊ वनपिंगळा मात्र जवळजवळ बिनठिपक्यांचा. पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, पंजे दणकट. १८७२ साली ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला तो आजच्या छत्तीसगडमधल्या बसना परिसरात मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं बारसं केलं: हेटरोग्लॉक्स ब्लेविटी. ग्रीकमध्ये ‘हेटरोस’ म्हणजे वेगळा, ‘ग्लॉक्स’ म्हणजे घुबड. ‘ब्लेविटी’तला शेवटचा ‘ई’ हा लॅटिनमधला षष्ठीचा प्रत्यय, आपल्या ‘चा-ची-चे’सारखा. म्हणजे झालं ‘ब्लेविटचं वेगळं घुबड’.

पण हा पक्षी पिंगळ्याच्याच घरातला, असं पुढे जनुकीय अभ्यासातून दिसलं. मग तो ‘अथेनी’ प्रजातीत गेला. अथेनी ही ग्रीकांची ज्ञानदेवता, घुबड तिचा लाडका पक्षी. साध्या पिंगळ्याचं नाव तर ‘अथेनी ब्रामा’, ग्रीक देवीशेजारी आपला ब्रह्मदेव!

प्रजाती बदलली की मूळ नामकर्त्याचं नाव कंसात लिहायचं, असा प्राणिशास्त्राचा नियम आहे. म्हणून ह्यूम आता कंसात. मला हा कंस फार आवडतो. नाव बदललं तरी पहिला मान ज्याचा त्याच्याकडेच राहतो.

खुद्द वनपिंगळ्याची मात्र १८८४ नंतर खात्रीची नोंदच नव्हती. १९९७च्या नोव्हेंबरात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या रानात दिसला, सकाळच्या लख्ख उजेडात, झाडावर बसलेला. डोक्यावर ठिपके नव्हते.