जुन्या मोटारीचा गंजलेला पत्रा

लोखंडाचा ओढा नेहमी मातीकडे असतो. खाणीतून ते प्राणवायूशी जखडलेल्या रूपात निघते. भट्टीत घालून आपण ते मोकळे करतो. पण हवा आणि पाणी मिळाले, की ते पुन्हा मूळ रूपाकडे वळते. यालाच आपण गंज म्हणतो. पाण्यात क्षार असले, तर हे काम अधिक वेगाने होते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात याला दुहेरी साह्य आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. तेथील खाऱ्या पाण्याने मोटार धुतली, की क्षार पत्र्यावर वाळतात. शिवाय काळी माती चाकांनी उडून मडगार्डच्या आत आणि दाराखालच्या पोकळीत जाऊन बसते व ओल धरून ठेवते. म्हणून रंगाला फुगवटा दिसला, की समजावे: गंज बाहेरून आत गेलेला नाही, तो आतून बाहेर आला आहे.

उदाहरणादाखल फियाट घेऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट होऊ लागली. १९७४ पासून तिच्याच वंशातील गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले. जुन्या जीपला खाली स्वतंत्र चासी असते. फियाटला ती नाही. तिचा पत्र्याचा सांगाडाच सारा भार वाहतो. तेव्हा दाराखालची पत्र्याची पेटी गंजली, तर ती केवळ शोभेची हानी नव्हे. गाडीचा कणाच मोडू लागला, असे म्हटले पाहिजे.

दुरुस्तीचा क्रम असा. प्रथम बॅटरी व पेट्रोलची टाकी काढावी. गाडी सपाटीवर टेकू देऊन उभी करावी आणि दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी आधार जोडावेत. नाही तर पेटी कापताच सांगाडा वाकतो व दारे पुन्हा बसत नाहीत. एका वेळी एकच बाजू घ्यावी. गंज जिथे संपून चकचकीत लोखंड लागते, तिथवरच कापावे. तयार भाग मिळाला नाही, तर तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा ठोकून घडवावा. वेल्डिंगचे टाके सलग न देता दूरदूर द्यावेत व मध्ये पत्रा निवू द्यावा, कारण उष्णतेने तो वेडावाकडा होतो. शेवटी जस्ताचा प्रायमर, पोकळीत मेण, आणि पाणी निघण्याची भोके मोकळी.

भोकावर लांबी भरून वरून रंग देण्याची पद्धत स्वस्त आहे, पण फसवी आहे. लांबी भार घेत नाही. उलट तिच्या आड ओल दडते आणि गंज निर्वेध वाढतो. विकत घेणाऱ्याला चकाकी दिसते, आत बसणाऱ्यांचे प्राण मात्र पोकळ पत्र्यावर विसंबतात.

थोडेच कापण्याला आणखी एक कारण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते; मात्र तिचे मूळ रूप टिकलेले असावे, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे कायद्याचेही म्हणणे कुशल कारागिराचेच आहे: सडले तेवढे काढा, बाकीचे जपा. जुने जपणे म्हणजे जुन्यावर पांघरूण घालणे नव्हे, हे आपण एवढ्या एका पत्र्यावरूनही शिकू शकतो.