एका पेल्यात साडेअठरा लाख परार्ध

चंडीगडचे पीजीआय असो की आपल्याकडचे एखादे मोठे रुग्णालय, गिळायला त्रास होत असेल तर रुग्णाला खडूच्या पाण्यासारखा पांढरा, दाटसर द्रव प्यायला देतात. घोट अन्ननलिकेतून उतरताना क्ष-किरणांच्या पडद्यावर स्पष्ट दिसतो. हे बेरियम सल्फेट. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. हा क्षार विरघळत नाही, म्हणून शरीरात न शोषला जाता बाहेर पडतो.

समजा, पेल्यात 100 ग्रॅम बेरियम सल्फेट आहे. त्यातल्या बेरियमच्या अणूंपैकी जवळपास 72 टक्के अणू एकाच स्थिर समस्थानिकाचे, बेरियम-138 चे. त्यांची संख्या 185 वर 21 शून्ये! भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली संख्यास्थाने परार्धापर्यंत, म्हणजे 1 वर 17 शून्यांपर्यंत जातात. पेल्यात असे साडेअठरा लाख परार्ध अणू आहेत.

2011 च्या जनगणनेत चंडीगडची लोकसंख्या 10,55,450 होती. या सगळ्यांनी झोप-जेवण सोडून प्रत्येकी सेकंदाला एक अणू मोजला, तरी मोजणीला सुमारे 556 कोटी वर्षे लागतील. पृथ्वीचे वय आहे 454 कोटी वर्षे.

बेरियम-138 इतके मुबलक का? त्याच्या केंद्रकात 56 प्रोटॉन आणि 82 न्यूट्रॉन असतात. 82 न्यूट्रॉनांची रचना विशेष भक्कम असते. म्हाताऱ्या ताऱ्यांच्या पोटात केंद्रके एकेक न्यूट्रॉन पकडत जड होत जातात, पण 82 चा आकडा गाठलेले केंद्रक पुढचा न्यूट्रॉन सहजी घेत नाही. त्यामुळे त्याचा साठा वाढत जातो. पेल्यातले बेरियम सूर्याच्याही आधीचे आहे.

आता दुसरे टोक. 1980 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे पीटर टोशेक, हान्स डेमेल्ट आणि सहकाऱ्यांनी निर्वात पोकळीत विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात बेरियमचा एकच आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, अडकवला, त्याच्यावर लेझर सोडला आणि त्याचे छायाचित्र टिपले. असा आयन सेकंदाला कोटीच्या घरात प्रकाशकण फेकू शकतो, म्हणूनच तो एकटाही दिसतो. आयन सापळ्यात धरण्याच्या तंत्रासाठी डेमेल्ट यांना 1989 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आज बेरियमचे आयन क्वांटम संगणकांतही वापरले जातात.

परार्धांच्या गर्दीतला एक अणू वेगळा काढून त्याचा उजेड पाहणे, ही माणसाच्या बुद्धीची फार मोठी कमाई आहे. शाळेत अणू शिकवताना ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.