सौंदर्यवतीच्या बहिणी: एका परीकथेच्या बदलत्या रूपांचा मागोवा

‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या परीकथेची नायिका भीषण रूपाआड दडलेले चांगले मन ओळखते. तिच्या सख्ख्या बहिणींच्या मनात काय आहे, हे पाहण्याची तसदी मात्र या कथेने फार काळ घेतली नाही. कथेच्या प्रत्येक नव्या रूपात बहिणींच्या वाट्याला काय आले, यावरून त्या त्या लेखकाची आंतरिक सौंदर्याची कल्पना चांगली कळते.

कथेचा सर्वांत प्रसिद्ध प्राचीन पूर्वज दुसऱ्या शतकातला. उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियात जन्मलेल्या अपुलेयुसच्या ‘सोनेरी गाढव’ या लॅटिन कादंबरीत क्युपिड आणि सायकी यांची गोष्ट येते. सायकीला कधीच न दिसलेला तिचा नवरा म्हणजे अजस्र सर्प आहे, असे तिच्या दोन थोरल्या बहिणी तिच्या मनात भरवतात. संसार मोडल्यावर सायकी एकेकीला गाठते आणि ‘आता त्याला तूच हवी आहेस’ अशी थाप मारते. दोघीही त्या आशेने कड्यावरून उडी घेतात आणि मरतात. नायिकेचा हा कावेबाजपणा पुढे नाहीसा झाला. बहिणींचा मत्सर तेवढा टिकला.

1740 मध्ये फ्रान्सच्या मादाम द व्हिलनव्ह यांनी ही कथा दीर्घ रूपात लिहिली. त्यांच्या व्यापाऱ्याला सहा मुलगे आणि सहा मुली आहेत. लंडनमध्ये मुलींना शिकवणाऱ्या मादाम ल प्रँस द बोमाँ यांनी 1756 मध्ये तिला कात्री लावली आणि मुली तीनच ठेवल्या. जगभर पसरली ती हीच आवृत्ती. तिच्यातल्या थोरल्या बहिणी डोळ्यांना कांदा चोळून खोटे रडतात आणि बीस्टच्या महालातून ठरावीक मुदतीसाठी भेटीला आलेल्या धाकटीला जास्त दिवस घरी अडकवून ठेवतात, म्हणजे चिडलेला बीस्ट तिला खाऊन टाकील. त्यांचे नवरेही बोमाँबाईंनी जाणूनबुजून निवडलेले आहेत: एक स्वतःच्याच देखणेपणात गुंग, तर दुसरा आपली हुशारी इतरांना टोचून बोलण्यात खर्च करणारा. नुसते रूप आणि नुसती बुद्धी, दोन्ही संसारात निरुपयोगी, हा धडा विद्यार्थिनींसाठीच होता. शेवटी परी या दोघींचे पुतळे करते. त्यांची जाणीव मात्र शाबूत राहते. महालाच्या दाराशी उभे राहून धाकटीचे सुख पाहत राहायचे आणि स्वतःचे दोष कबूल झाले तरच सुटायचे. ही शिक्षा थेट वर्गाबाहेर उभे करण्याच्या जातीची आहे. बाप कफल्लक होताच या बहिणींना त्यांच्या प्रियकरांनी सोडले होते, याची दखल निकाल देताना घेतलेली नाही.

लोककथांमध्ये वेगळी नातीही होती. जोसेफ जेकब्झ यांनी 1890 च्या संग्रहात छापलेल्या ‘केट क्रॅकरनट्स’मध्ये राणी आपल्या देखण्या सावत्र मुलीच्या धडावर मेंढीचे डोके बसवते. राणीची स्वतःची मुलगी केट दिसायला डावी आहे. तीच बहिणीच्या डोक्याभोवती कापड गुंडाळते, तिचा हात धरून घर सोडते आणि पुढे तिला बरीही करते. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या घरात असा जिव्हाळा यायला आणखी बराच काळ जावा लागला. 1946 च्या झाँ कोक्तोंच्या चित्रपटातही बहिणी दुष्टच आहेत.

पहिला मोठा बदल सी. एस. लुईस यांनी 1956 मध्ये ‘टिल वी हॅव फेसेस’ या कादंबरीत केला. सायकीची गोष्ट इथे तिची कुरूप थोरली बहीण ओरुअल सांगते. तिला मत्सर नाही, प्रेम आहे. पण ते सोडायला तयार नसलेले, गिळंकृत करणारे प्रेम आहे. बुरख्याआड राहून ती राज्य करते, देवांविरुद्ध फिर्याद लिहिते आणि ती वाचून दाखवताना तिला आपलेच मन उघडे पडलेले दिसते. आंतरिक सौंदर्य इथे जन्मतः मिळालेला गुण नाही, ते उतारवयात, स्वतःला ओळखून मिळते. या सगळ्या वंशावळीत बहिणीला इतका न्याय दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

रॉबिन मॅककिन्ली यांच्या 1978 च्या ‘ब्यूटी’ या पहिल्या कादंबरीत बहिणी प्रेमळ आहेत, आणि टोपणनाव ‘ब्यूटी’ असलेली नायिकाच दिसायला सामान्य, पुस्तकात रमणारी आहे. खलनायिकाच नाहीशा झाल्यावर नायिकेने घरी का परतावे, हा पेच उभा राहतो. मॅककिन्लींनी तो सुरेख सोडवला: बुडाला असे समजलेला बहिणीचा वाग्दत्त नवरा जिवंत आहे, हे ब्यूटीला जादूने कळते आणि बहिणीने दुसऱ्याला होकार देण्याआधी तिला ते सांगायला ती निघते. शेवटी मात्र नायिका सुंदर झालेली निघते. तिथे लेखिका कचरली, असे म्हणावे लागेल.

डिस्नेच्या 1991 च्या चित्रपटाने बहिणी काढूनच टाकल्या. मत्सराचे काम नायिकेशी लग्न करू पाहणाऱ्या गॅस्टनकडे गेले. मॅककिन्ली मात्र 1997 मध्ये ‘रोझ डॉटर’ घेऊन याच कथेकडे परतल्या. त्यात एक बहीण कपडे शिवते, दुसरी मुलाच्या वेषात तबेल्यात काम करते. बीस्टने देखणा माणूस व्हावे की आहे तसेच राहावे, हे ठरवण्याची वेळ येते तेव्हा नायिका त्याचे रूप बदलू देत नाही आणि त्याला घेऊन बहिणींच्या गावी राहायला जाते.