सेवाक्लब आणि आमचें मावळ

आजच्या भाषणासाठीं मला जो विषय सुचविण्यांत आला आहे, तो ऐकून श्रोत्यांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, क्लब म्हणजे पत्ते, टेनिस आणि चहाचे पेले. त्याच्याशीं भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखाचा संबंध तो काय? माझीहि पुष्कळ वर्षें हीच समजूत होती. मी जन्मभर प्राथमिक शाळेंत मुलांना पाढे शिकविले, आणि त्यांतलीं बरींच वर्षें वेल्ह्याकडील एकशिक्षकी व दोनशिक्षकी शाळांत गेलीं. त्या नोकरींत सेवाक्लबांचीं माणसें मीं जवळून पाहिलीं, त्यांच्या समारंभांत आभाराचीं भाषणें केलीं, आणि समारंभ आटोपून मोटारी निघून गेल्यावर त्या कामाचें पुढें काय होतें, हेंहि पाहिलें. माझा अधिकार एवढाच.

ह्या क्लबांचें मूळ मोठें गमतीचें आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं अमेरिकेंतील शिकागो शहरांत पॉल हॅरिस नांवाचा वकील आपल्या तिघां ओळखीच्या गृहस्थांबरोबर बसला. एक कोळशाचा व्यापारी, दुसरा खाणींचा इंजिनियर आणि तिसरा कपडे शिवून विकणारा. त्या दिवशीं सेवेचा विचार कोणाच्या मनांत फारसा नव्हता. मोठ्या शहरांत माणूस एकटा पडतो, धंद्यांत ओळखी लागतात, तेव्हां निरनिराळ्या धंद्यांतील माणसांनीं पाळीपाळीनें एकमेकांच्या कचेरींत जमावें, इतकीच कल्पना. ह्या पाळीच्या फेऱ्यावरूनच रोटरी हें नांव पडलें. पुढें दोन-चार वर्षांनीं ह्या मंडळींनीं पहिलें लोकोपयोगी काम हातीं घेतलें, तें म्हणजे शहरांत सार्वजनिक शौचालय बांधून घेण्याचें! जगभर पसरलेल्या एका संस्थेच्या सेवाकार्याचा श्रीगणेशा शौचालयापासून झाला, ह्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. ज्यानें बिनशौचालयाची मुलींची शाळा चालविली आहे, तो तरी हंसणार नाहीं.

रोटरीचें लोण १९२० सालीं कलकत्त्यास, १९२९ सालीं मुंबईस आणि १९३६ सालीं पुण्यास पोंचलें. १९१७ सालीं शिकागोंतच लायन्स ही दुसरी संस्था निघाली. १९२५ सालीं अंध व बधिर हेलन केलर ह्या विदुषीनें लायन्सच्या अधिवेशनांत अंधांची कड घेण्याची विनंति केली. आपल्या तालुक्याच्या गांवीं लायन्सचें नेत्रशिबिर भरतें, त्याची परंपरा त्या भाषणापर्यंत जाते. स्त्रियांना मात्र रोटरीचें दार १९८९ पर्यंत नियमानें बंदच होतें, ही गोष्ट त्यांच्या बाजूनें बोलतांनाहि लपवितां येणार नाहीं.

ह्या क्लबांच्या घटनेंतील दोन नियम समजून घेतले, म्हणजे त्यांचें बळ आणि त्यांचें वैगुण्य दोन्ही कळतात. पहिला नियम असा कीं, क्लबांत एकेका धंद्याचा एकेक प्रतिनिधि असावा. आतां तो बराच सैल झाला आहे, पण त्याचा हेतु टिकून आहे. एका मेजाभोंवतीं डॉक्टर, इंजिनियर, हिशेबनीस, वकील आणि सिमेंटचा व्यापारी बसलेले असले, म्हणजे एखाद्या वाडीला पाण्याची टांकी हवी असतां सल्ला, नकाशा, माल आणि हिशेब हीं सर्व एकाच बैठकींत मिळतात. दुसरा नियम असा कीं, अध्यक्ष एका वर्षापुरता असतो आणि रोटरीचें तें वर्ष १ जुलै रोजीं सुरू होतें. ह्या नियमाकडे मी पुढें पुन्हां वळणार आहें.

त्याच १९०५ सालीं, १२ जून रोजीं, नामदार गोखल्यांनीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. १९०९ सालीं रमाबाई रानडे ह्यांचें सेवासदन निघालें. १९११ सालीं नारायण मल्हार जोशी ह्यांनीं मुंबईस सोशल सर्व्हिस लीग काढली. तेव्हां संघटित सेवा आपण शिकागोकडून शिकलों, असें मुळींच नाहीं. फरक आहे तो मागण्याचा. गोखल्यांनीं माणसापासून सगळें आयुष्य मागितलें, आणि तें देणारे थोडेच निघाले. क्लब आठवड्याचा एक तास, वर्गणी आणि आपल्या धंद्यांतलें कौशल्य एवढेंच मागतो. म्हणून त्याला माणसें पुष्कळ मिळतात. दोन्ही हवींत. परंतु एकाचें काम दुसऱ्यानें होईल अशी आशा मात्र करूं नये.

आतां मुलखाकडे येऊं. भोर हें पूर्वीं पंतसचिवांच्या संस्थानचें गांव; १९४८ सालीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. भोरच्या पश्चिमेस हिरडस मावळ, आणि उत्तरेस डोंगर ओलांडला कीं वेल्ह्याकडचें गुंजण मावळ व कानद खोरें. राजगड व तोरणा हे दोन्ही गड वेल्हे तालुक्यांत. ह्या तालुक्याला राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें २०२४ सालीं घेतला, पण मी जुन्या संवयीनें वेल्हेंच म्हणेन. पाऊस येथें मुबलक पडतो. भाटघरचें धरण १९२७ सालीं पुरें झालें. पुढें नीरा-देवघर, पानशेत, गुंजवणी अशीं धरणें होत गेलीं. भाटघरचें पाणी नीरेच्या कालव्यांनीं बारामती, इंदापूर, फलटणकडील उंसास जातें, पानशेतचें पाणी पुण्याच्या नळास येतें. आपण श्रोते सकाळीं ज्या पाण्यानें स्नान करतां, त्यांतलें कांहीं वेल्ह्याच्या डोंगरावर पडलेलें असतें. आणि त्याच डोंगराच्या माथ्यावरील धनगरवाडींत चैत्र-वैशाखांत बाई हंडा घेऊन अर्धा कोस उतरते व चढते. पाणी खालीं दिसतें. वर चढवावें कोणीं?

क्लबांच्या कामाचें उत्तम उदाहरण म्हणून मी पोलिओचें नांव घेईन. रोटरीनें १९८५ सालीं जगांतून हा रोग घालविण्याचा संकल्प सोडला. आपल्या देशांत १९९५ सालापासून पल्स पोलिओचे दिवस पाळले जाऊं लागले, तेव्हां आम्हां शिक्षकांची नेमणूक बूथवर होत असे. बर्फाचा डबा, दोन थेंब, डाव्या करंगळीला शाई, आणि दुसऱ्या दिवशीं राहिलेल्या मुलांसाठीं घरोघर फेरी. पाण्याच्या पलीकडच्या वस्तीवर होडीनें जावें लागे, आणि अंगणवाडीच्या ताई डबा मांडीवर घेऊन बसत, सांडूं नये म्हणून. भारतांत पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालमध्यें आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला भाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. हें काम सरकारचें, दाईताईंचें, शिक्षकांचें, तसेंच ह्या क्लबांचेंहि. तें सिद्धीस गेलें ह्याचें एक कारण मला असें दिसतें कीं, पंचवीस-तीस वर्षें अध्यक्ष बदलत गेले, पण काम बदललें नाहीं.

खेड्यांतल्या कामांत नेमकें उलट होतें. १ जुलैला नवा अध्यक्ष अधिकारावर येतो. त्या वेळीं आमच्याकडे ओढे दुथडी भरलेले असतात, भाताची लावणी चाललेली असते, आणि वाडीवर पोंचणेंच कठीण. दसरा-दिवाळीपर्यंत पाहणी होत नाहीं. पौष-माघांत काम सुरू होतें, आणि मे महिन्याच्या आंत उद्घाटन व्हावें लागतें, कारण जूनच्या अखेरीस वर्ष संपतें. पुढच्या अध्यक्षाला स्वतःचें कांहीं नवें काम करून दाखवावयाचें असतें. त्यांत त्याचा दोष नाहीं, मनुष्यस्वभाव आहे. पण टांकी बांधून झाल्यावर तिसऱ्या वर्षीं तिचें काय होतें, हें पाहण्यासाठीं जो माणूस यावयास हवा, त्याची मुदत दोन वर्षांपूर्वींच संपलेली असते.

माझ्या एका शाळेंत अशीच गोष्ट घडली. शहरांतून आलेल्या एका मंडळींनीं पाणी शुद्ध करणारें यंत्र दिलें. हेतु अत्यंत चांगला, माणसें सज्जन. मुलींनीं स्वागतगीत म्हटलें, मीं नारळ दिले, पावतीवर सही केली. यंत्र विजेवर चाले, आणि वीज पावसाळ्यांत आठ-आठ दिवस नसे. वर्षानें त्यांतली गाळणी बदलावी लागे; ती पुण्यास मिळे आणि तिची किंमत आमच्या शाळेच्या सादिलांत बसत नसे. मीं एक पत्र पाठविलें, त्याचें उत्तर आलें नाहीं. दुसरें पत्र मीं पाठविलें नाहीं. शेवटीं त्या यंत्राच्या पेटींत आम्ही खडू ठेवूं लागलों, कारण तेथें खडू सर्दत नसत. ह्यांत देणाऱ्यांपेक्षां माझी चूक मोठी. पावतीवर सही करण्यापूर्वीं "हें बिघडलें तर दुरुस्त कोण करील?" एवढा प्रश्न मीं विचारावयास हवा होता. परंतु दान घेतांना प्रश्न विचारणें आपल्याकडे असभ्यपणाचें समजतात, आणि मास्तर तर सभ्यपणाचा पुतळा!

ह्याच्या उलट दुसरी हकीकत. डोंगराच्या कुशींत चौदा घरांची एक वाडी; माणसें सत्तरेक. एका क्लबाचे वृद्ध सभासद, सेवानिवृत्त इंजिनियर, एका उन्हाळ्यांत तेथें तीन वेळां आले. पहिल्या खेपेस त्यांनीं कांहींच देऊं केलें नाहीं. झऱ्याखालीं पंधरा लिटरचा हंडा ठेवला आणि हातांत घड्याळ धरून बसले. हंडा भरावयास पांच मिनिटें लागलीं. मग त्यांनीं तेथल्या तेथें मातींत काडीनें हिशेब मांडला, आणि माझ्यांतला गणिताचा मास्तर जागा झाला. मिनिटाला तीन लिटर, तासाला एकशें ऐंशी, दिवसरात्रीचे चार हजार तीनशें वीस लिटर. सरकारच्या जल जीवन मिशनचें माप दरडोई ५५ लिटरांचें. सत्तर माणसांस तीन हजार आठशें पन्नास पुरे. म्हणजे भर वैशाखांतसुद्धां पाणी कमी नव्हतेंच! बायका पहाटेपासून रांगेंत उभ्या राहत, ह्याचें कारण इतकेंच कीं, रात्रीच्या दहा तासांचें अठराशें लिटर पाणी दरींत वाहून जात होतें. विहीर नको, पंप नको, वीजहि नको. झऱ्यावर झांकणाची पक्की कुंडी, तेथून उताराची नळी, आणि दोन हजार लिटरची टांकी. ह्या हिशेबावर मीं पुढें चौथीच्या मुलांना कितीतरी उदाहरणें घातलीं.

दुसऱ्या खेपेस वाडीच्या म्हाताऱ्या आजींनीं जागेवरून हरकत घेतली. "साहेब, टाकी हितं नगं. पावसाळ्यात हितनं दरड येती." इंजिनियरांनीं निमूटपणें खुणेचा दगड उचलला आणि आजींनीं दाखविलेल्या जागीं नेऊन ठेवला. खोदाई वाडीनें केली, सिमेंट आणि नळी क्लबानें दिली. दर घरीं महिना दहा रुपये गोळा करून एका बाईकडे ठेवावयाचे ठरलें. त्यांतून तोट्या बदलावयाच्या.

ही दुसरी रीत आमच्या लोकांना नवी नव्हती. मावळांत भाताच्या लावणीला सावड घालतात: आज सगळीं माणसें माझ्या खाचरांत, उद्यां तुमच्या. नांगरटीला इर्जिक घालून शेजारीपाजारी बैल जुंपून येतात, आणि ज्याचें शेत तो सर्वांना जेवूं घालतो. ह्या व्यवहारांत कोणी दाता नसतो आणि कोणी याचक नसतो. क्लबाच्या देणगींत हीच उणीव राहते. घेणाऱ्याला परत कांहीं करतां येत नाहीं, आणि जें परत करतां येत नाहीं त्यावर हक्कहि वाटत नाहीं. खोदाईला हात लावलेली टांकी मात्र वाडीची होते.

ज्यांना एका वर्षाची मुदत नाहीं, अशा संस्थाहि ह्या भागांत आहेत. पुण्यास १९६२ सालीं निघालेल्या ज्ञान प्रबोधिनीनें शिवगंगा व गुंजवणीच्या खोऱ्यांत स्त्रियांचे बचत गट आणि मुलींच्या शिक्षणाचें काम पुष्कळ वर्षें चालविलें आहे. तेथील कार्यकर्त्या ताई गांवोगांवच्या बायकांना नांवानें ओळखतात. क्लबांनीं अशा संस्थांचें बोट धरून आंत यावें, हें मला शहाणपणाचें वाटतें. पैसा व कौशल्य एकाचें, ओळख व चिकाटी दुसऱ्याची.

आमच्या तरुणांच्या सेवेविषयीं चार शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. वरंध घाटांत मोटार दरींत गेली, किंवा धरणाच्या पाण्यांत कोणी बुडालें, म्हणजे अपरात्रीं दोर घेऊन धांवणारीं मुलें स्थानिकच असतात. त्यांतले दोघे माझे विद्यार्थी. त्यांचा बिल्ला नाहीं, भोजनसभा नाहीं. चांगले दोर, जाकिटें आणि विजेऱ्या मात्र त्यांना हव्या असतात. शहरांतील जे श्रोते रविवारीं राजगडावर प्लास्टिक वेंचावयास येतात, त्यांनीं परततांना ह्या मुलांची चौकशी करावी.

ती चौदा घरांची वाडी मीं गेल्या वैशाखांत पुन्हां पाहिली. ते इंजिनियर आतां हयात नाहींत. टांकीची एक तोटी नवी होती, आणि जास्तीचें पाणी जाण्याच्या नळीखालीं कोणीं तरी अळूचीं पानें लावलीं होतीं. पैसे ठेवणाऱ्या बाईनें मला वही दाखविली. महिना दहाचे आतां वीस झाले आहेत, आणि एका घराची दोन महिन्यांची बाकी आहे, ती तिनें तांबड्या शाईनें लिहिली होती.